नोबोरु या नावाची चौकशी

मुराओका नोबोरुला आपल्या नावाचा अर्थ ठाऊक होता आणि तेच त्याचं दुखणं होतं. नोबोरु म्हणजे वर चढणारा. सूर्य चढतो, भरती चढते, माणूस हुद्द्याने चढतो, त्यातला चढणारा. असलं नाव घेऊन तो तोमिशिओ गावाच्या पाणीपुरवठा खात्यात चिकटला, सोळा वर्षांनी उपविभागप्रमुख झाला आणि पुढची बावीस वर्षं उपविभागप्रमुखच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर पाच जण विभागप्रमुख होऊन, वर चढून, पेन्शनीत निघून गेले. त्यात त्याला उंचीची भीती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे पाय लटपटायला लागत, म्हणून घरातले दिवे बायको बदलायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण त्या गावात कुणाला माहीत नव्हती. असती तर नोबोरुला पाहून रोज एकदा तरी ती कुणाच्या तोंडून निघाली असती.

निवृत्त झाल्यावर नावाचा हा प्रश्न आपोआप मिटला, असं त्याला वाटत होतं. घरात बसलेल्या माणसाने चढावं अशी कुणाची अपेक्षा नसते. एप्रिल लागला होता. समुद्रावर दिवसभर विरळ धुकं पसरलेलं असायचं. पलीकडची बेटं त्यात अर्धी विरघळलेली, आणि फेरीबोटी पाण्यावरून चालल्यात की हवेतून, ते पाहणाऱ्याला कळत नसे. नोबोरु पडवीत बसून त्यांच्याकडे बघता बघता पेंगायचा. जाग आली की बोट थोडी पुढे गेलेली असायची. मग तो पुन्हा पेंगायचा. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्याने दुपारी एवढं गंभीरपणे कधी काही केलं नव्हतं.

अशात त्याची मुलगी मिसातो पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मिसातो प्राथमिक शाळेत दुसरीची बाई होती आणि घरातही दुसरीचीच बाई होती. एके सकाळी मिसो सूपच्या वाटीवरून तिने बापाकडे रोखून पाहिलं.

"बाबा, तुमचं नाव नोबोरु का ठेवलं?"

"का म्हणजे? ठेवलं."

"ते दिसतंच आहे. पण का?"

"तुला आजच का पाहिजे हे?"

"कारण मुलगा आहे. तुमच्या नावातलं अक्षर घेऊन त्याचं नाव शोमा ठेवायचं म्हणतोय आम्ही. अक्षर तुमचंच, चढण्याचं. तुमच्या नावात ते 'नोबोरु' वाचतात, त्याच्या नावात 'शो' वाचायचं."

नोबोरुच्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. त्याला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. "माझं अक्षर?" त्याने विचारलं.

"मग काय शेजारच्यांचं? पण मला त्याची गोष्ट पाहिजे. दुसरीत 'माझ्या नावाची गोष्ट' असा गृहपाठ असतो, दरवर्षी मीच देते. गेल्या वर्षी एकाने लिहून आणलं, 'आईने सांगितलं बाबांना विचार, बाबांनी सांगितलं आईला विचार.' वाचता वाचता वर्गासमोर रडलं ते पोर. माझ्या मुलावर ती पाळी मी येऊ देणार नाही."

"आणि नाही सापडली गोष्ट तर?"

"सासूबाईंनी एक नाव काढून ठेवलंय. सातव्या दिवशीच्या बारशाला तुमची गोष्ट तयार नसेल तर ते ठेवायचं, असं ठरलंय."

"विचार करून सांगतो," नोबोरु म्हणाला. हे वाक्य त्याचं जुनं हत्यार होतं. पाणीपुरवठा खात्यात या वाक्याखाली किती नळजोडण्यांचे अर्ज शांतपणे झोपी गेले, त्याची गणती नाही.

"आणि माझ्या वेळेसारखी थाप नको," मिसातो म्हणाली.

"कसली थाप?"

"मी दुसरीत होते तेव्हा तुम्ही सांगितलंत, की समुद्राकाठच्या एका सुंदर गावाचं स्वप्न पडलं म्हणून माझं नाव मिसातो. प्रसूतिगृहातल्या नर्सच्या छातीवरची नावाची पाटी वाचून ठेवलंय ते."

"कुणी सांगितलं तुला?"

"मी," नोबोरुची बायको फुमिए भात वाढता वाढता म्हणाली. "पाटी मलाही दिसत होती."

नोबोरु उठून पडवीत गेला. त्याला थाप मारायची नव्हती, पण खरं काय ते त्याला खरोखर माहीत नव्हतं. लहानपणी विचारलं की आई म्हणायची, 'बाबांना विचार.' आणि बाबा म्हणायचे, 'मोठा झालास की सांगीन.' तो मोठा व्हायच्या आतच, त्याच्या नवव्या वर्षी, बाबा गेले. पुढे आई चाळीस-बेचाळीस वर्षं होती. रोज समोर बसून जेवायची. तिला विचारायचं राहून गेलं, असं तो लोकांना सांगे. खरं म्हणजे त्याने विचारणं टाळलं होतं. 'पोरगा खूप वर चढावा म्हणून,' असं उत्तर येईल याची त्याला धास्ती होती. मेलेल्या बापाची एवढीशी इच्छा, आणि आपण ती उपविभागप्रमुखाच्या खुर्चीत बसून वाया घालवतोय, हे आईच्या तोंडून ऐकणं त्याच्याने झालं नसतं. आता मात्र नातवाच्या नावाचा प्रश्न होता.

आधी तो शेजारच्या कुराहाशीसानकडे गेला. कुराहाशीसान पोस्टातून निवृत्त झालेले. नावाच्या अक्षरांतल्या रेघा मोजून भविष्य सांगण्याचा त्यांना नाद. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, म्हणून नोबोरुने गोड पुऱ्यांचा डबा नेला. कुराहाशीसाननी चष्मा लावून कागदावर अर्धा तास रेघा मोजल्या.

"उत्तम नाव आहे. या रेघांचा माणूस पन्नाशीच्या आत विभागप्रमुख होतोच."

"मी नाही झालो."

कुराहाशीसाननी पुन्हा मोजलं. "रेघा बरोबर आहेत," ते सहानुभूतीने म्हणाले. "चूक तुमच्याच बाजूला झालेली दिसते."

आणि आणलेल्या डब्याची परतफेड म्हणून त्यांनी नोबोरुच्या हातात बांबूचे दोन ताजे कोंब दिले. एप्रिल म्हणजे कोंबांचा महिना. ज्याच्या मागे बांबूचं बन, त्याच्या मनात औदार्य.

दुसऱ्या दिवशी तो देवळातल्या पुजाऱ्याकडे गेला. पुजारीबुवांनी धबधबा चढून जाणाऱ्या माशाची गोष्ट सांगितली, ती संपल्यावर पुन्हा सांगितली, आणि निघताना बांबूचे तीन कोंब दिले. देवळामागे गावातलं सगळ्यात मोठं बन होतं. वाटेत टोफूवाल्या आजींनी विचारपूस केली. त्यांच्या मते नोबोरुचे वडील फेरीच्या धक्क्यावर तिकिटं कापायचे, तेव्हा हे नाव चढत्या भरतीवरूनच असणार. नोबोरुने टोफूचे चार तुकडे घेतले, म्हणून त्यांना एक कोंब फुकट द्यायचा होता. नोबोरुने नको म्हटलं. त्यावर त्यांनी दोन दिले.

"नावाचं मूळ शोधायला म्हणून जाता आणि कोंब घेऊन घरी येता," फुमिए म्हणाली. ती चार दिवस कोंब सोलत होती. कोंब घातलेला भात, कोंब घातलेलं मिसो, कोंबाची भाजी. मिसातो म्हणाली, पोटातलं बाळ हल्ली लाथ मारताना सरळ वरच्या दिशेने मारतं.

मग नोबोरु नगर कचेरीत गेला. सरकारी माणसाचा शेवटचा विश्वास सरकारी कागदावर असतो. नोंदणीच्या खिडकीमागे इकुता बसला होता. हा इकुता पूर्वी पाणीपुरवठ्यात नोबोरुच्या हाताखाली होता. पाऊस आला की नोबोरुच्या डोक्यावर छत्री धरायचा. आता तो नोंदणी विभागाचा प्रमुख होता आणि माणूस कमी म्हणून त्या दिवशी स्वतः खिडकीवर बसला होता. त्याने उठून इतक्यांदा वाकून नमस्कार केला की नोबोरुला त्यातल्या प्रत्येक नमस्काराला आपण चुकवलेली एकेक बढती आठवली.

"मुराओकासान, नोंदीचा उतारा देतो. पण 'का ठेवलं' असा रकाना फॉर्मात नाही."

"कधीच नव्हता?"

"सरकारला नाव लागतं. का, ते लागत नाही."

"असायला हवा होता."

"सूचना लेखी द्या, वर पाठवतो," इकुता म्हणाला आणि हळूच पुढे म्हणाला, "पण वरचे म्हणतील, विचार करून सांगतो."

नोबोरु घरी आला, पडवीत बसला आणि डोकं शांत करण्यासाठी त्याला जमणारी एकच गोष्ट त्याने केली. त्याने टिपण लिहिलं. वर शीर्षक: 'मुराओका नोबोरु या नावाच्या उगमाबाबत चौकशी.' खाली: 'एक. नाव ठेवण्याचं कारण: अज्ञात. दोन. माहिती असलेल्या व्यक्ती: मयत. तीन. सदर व्यक्तीने नावाप्रमाणे वर्तन केले काय: नाही. चार. उपाय: गोष्ट बनवून सांगणे, परंतु मुलगी ओळखते.' समोर धुक्यातून एक बोट चालली होती. तिच्या भोंग्याचा आवाज कुठून तरी लांबून, पाण्याखालून आल्यागत आला. नोबोरुच्या पापण्या जड झाल्या.

त्याच वेळी त्याच्या बाजूला गल्लीची फिरती पाटी पडली होती. लाकडी पाटी, वर चिमटा, चिमट्यात सूचना: गटारसफाई कधी, कचऱ्याचा वार कोणता. एका घराने वाचायची, कोपऱ्यात आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या घराच्या दाराला लटकवायची. गल्ली खालच्या समुद्रापासून वर टेकडीच्या माथ्यापर्यंत चढलेली, एकूण अठरा घरं. आता झालं ते असं. नोबोरु अर्धा जागा होता आणि अर्धा झोपेत आपल्या जुन्या टेबलाशी होता. समोर कागद, बाजूला शिक्का. अडतीस वर्षांचा हात. त्याने टिपण चिमट्यात अडकवलं, शिक्का मारला, चपला घातल्या, पाटी शेजारच्या दाराला टांगली आणि परत येऊन उशीवर डोकं टेकलं. आपण एक काम हातावेगळं केलं, असं त्याला स्वप्नात फार समाधान वाटलं.

दोन दिवसांनी टोफूवाल्या आजींनी त्याचा हात हातात घेतला. "मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "नावाप्रमाणे वागणं कुणाला जमतं? माझं नाव सुएको. म्हणजे शेंडेफळ. माझ्या पाठीवर अजून चार झाली."

नोबोरुने हात सोडवून घेतला. तो घरी धावला, टिपण शोधलं, ते कुठेच नव्हतं, आणि मग त्याला सगळं स्वप्न नीट आठवलं.

पाटी परत मिळवणं काही अवघड नव्हतं, असं कुणी परगावचा माणूस म्हणेल. पण पाटी उलटी फिरत नाही. ती पुढच्याच दाराला जाते. आणि 'ती पाटी द्या' म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. म्हणून नोबोरु सहज फिरायला निघाल्यासारखा मागावर राहिला. चौथ्या घरी गेला तर पाटी पाचव्याकडे गेलेली. पाचव्या घरी चहा घ्यावा लागला. चहा संपेपर्यंत पाटी सातव्याकडे. तिथून पुढे जिना सुरू व्हायचा, माथ्यापर्यंत दोनशे तेरा दगडी पायऱ्या, आणि नोबोरु गेल्या चाळीस वर्षांत तो जिना चढला नव्हता. वरच्या घरांचे पाण्याचे मीटर वाचायला तो नेहमी दुसऱ्याला पाठवायचा. त्याने खालच्या पायरीवर उभं राहून वर पाहिलं. पाटी धुक्यात चढत निघून गेली होती. ती मात्र नावाप्रमाणे वागली.

आता गावभर ज्याला त्याला नोबोरुच्या नावाची काळजी लागली. धक्क्यावरचा खलाशी टोपी काढून म्हणायचा, "सापडलं का हो?" जणू पाकीट हरवलंय. गल्लीच्या मंडळाने सभेत विषय क्रमांक तीन म्हणून तो घेतला, गटारसफाईच्या नंतर आणि मांजरांच्या उपद्रवाच्या आधी. सांत्वनाला येणारे अर्थातच रिकाम्या हाताने येत नव्हते. फुमिएने न्हाणीघरातल्या टबात कोंब भिजत घातले आणि घरातल्या सगळ्यांना सार्वजनिक स्नानगृहात पाठवलं.

या धांदलीत बाळ चार दिवस आधीच आलं. मुलगा, सव्वातीन किलो. पाचव्या दिवशी मिसातो त्याला घरी घेऊन आली. नोबोरुने त्याला मांडीवर घेतलं. बाळाने जांभई दिली आणि झोपेतच कपाळाला आठ्या घातल्या. 'हा थेट माझ्यासारखा पेंगतो,' नोबोरुच्या मनात आलं आणि त्याला एकदम वाटलं, आपलं अक्षर याला मिळालंच पाहिजे. इतकं हवंसं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, विभागप्रमुखपदसुद्धा नाही.

"बाबा, परवा सातवा दिवस," मिसातो म्हणाली. तिचा आवाज बाईंचा नव्हता, थकलेल्या मुलीचा होता. "मला तुमचंच अक्षर पाहिजे. पण गोष्ट खरी पाहिजे. नुसती गोड नको."

सातव्या दिवशी चारला व्याही मंडळी यायची होती. जावई कोहेइ ओसाकाहून त्यांना घेऊन येणार होता. लाल भात शिजत होता, शुभकार्याला लागणारा अख्खा भाजलेला ताई मासा व्याही आणणार होते. देवघराशेजारी जाड पांढरा कागद, शाई आणि कुंचला मांडून ठेवला होता. आजोबांनी बाळाचं नाव लिहायचं आणि ते भिंतीवर लावायचं. कोणतं नाव, एवढंच ठरायचं होतं. आणि सकाळी नऊला दाराला पाटी लटकलेली दिसली. ती फिरून परत आली होती.

नोबोरुच्या टिपणावर सगळ्या घरांचे शिक्के होते. वाचलं म्हणजे शिक्का मारायचा, त्यात कुणी कसूर केली नव्हती. समासात पेन्सिलीने अनुमानं होती: उगवता सूर्य, भरती, मासा, भाताचे चढते भाव. 'नावाप्रमाणे वर्तन केले काय: नाही' याच्यापुढे कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पण पाणी कधी बंद पडू दिलं नाही.' नोबोरुने ते दोनदा वाचलं. सगळ्यांत खाली अठराव्या घराचा, माथ्यावरच्या आरियासु तोमोएसानचा शिक्का होता आणि शेजारी वळणदार अक्षरात: 'मला माहीत आहे. लिहून कळवायची गोष्ट नाही. वर या.'

"माथ्यावर जाणारी बस?" नोबोरुने विचारलं.

"आठला गेली. पुढची संध्याकाळी," फुमिए म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्रात दोन कोंब गुंडाळून त्याच्या हातात दिले. "रिकाम्या हाताने जाऊ नका."

जिन्याच्या पायथ्याशी नोबोरु बराच वेळ उभा राहिला. त्या दिवशी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं, आणि त्यानेच त्याला वाचवलं. वीस पायऱ्या चढून त्याने चुकून खाली पाहिलं तर खाली काही नव्हतंच. समुद्र नाही, गाव नाही, सगळीकडे दुधाळ उजेड. पडायला जागाच नसेल तर भ्यायचं कशाला? तो चढत राहिला. दर टप्प्यावर श्वास घ्यायला वाकून उभा राहायचा. कुठून तरी संत्र्याच्या फुलांचा वास यायचा. एक मांजर त्याच्यापुढे दोन पायऱ्या राखून चाललं होतं आणि तो थांबला की तेही थांबून पाय चाटायचं. आपण कुठवर आलो, किती राहिलं, काही कळत नव्हतं. पडवीतल्या झोपेत आणि या चढण्यात फरक एवढाच की इथे गुडघे दुखत होते.

पायऱ्या संपल्या तेव्हा समोर एक ठेंगणं घर होतं आणि अंगणात चौऱ्याहत्तर वर्षांच्या तोमोएसान मुळे वाळत घालत होत्या. नोबोरुने नमस्कार करायला तोंड उघडलं. दम इतका लागला होता की त्यातून एकच शब्द निघाला.

"चढलो."

तोमोएसाननी हातातला मुळा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसायलाही लागल्या. "बाई गं," त्या म्हणाल्या. "अगदी बापासारखं. बस. त्याच पायरीवर बस."

त्यांनी पाणी दिलं आणि शेजारी बसून सांगितलं. त्यांची आई सुईण होती. तोमोए तेव्हा तेरा वर्षांची. नोव्हेंबरातली दुपार, संत्र्यांची तोडणी चाललेली, झाडून सगळं गाव पलीकडच्या मळ्यांत. खाली नोबोरुच्या आईला कळा सुरू झाल्या आणि घरात एकटे वडील.

"तुझ्या बापाचं एक फुफ्फुस काढलेलं, ठाऊक आहे ना? डॉक्टरने पायरी चढायची नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणून तर धक्क्यावर तिकिटं कापायची नोकरी. सपाट जागा. खालचं घरही त्याच्यासाठीच घेतलेलं. पाठवायला कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतः चढून आला. मी इथून बघत होते. दर टप्प्यावर वाकायचा. मला वाटलं, हा माणूस कुणाला एवढे नमस्कार करतोय? तासाच्या वर लागला त्याला."

"मग?"

"वर आला आणि म्हणाला, 'चढलो.' आईने विचारलं, कोण अडलंय, कळा कधीपासून? परत म्हणाला, 'चढलो.' दुसरा शब्द फुटेना. आईने ओळखलं, पिशवी उचलली आणि धावली. तो इथंच बसला. तू बसलायस तिथं. मी पाणी दिलं. जरा दम आल्यावर खाली बघितलं त्याने आणि म्हणाला, 'वरून असं दिसतं होय आपलं गाव!' सहा वर्षं राहत होता इथं. कधी पाहिलं नव्हतं."

नोबोरुने खाली पाहिलं; खाली अजून धुकंच होतं.

"खाली पोचला तोवर तू झालेला होतास. सातव्या दिवशी माझ्या आईने विचारलं, काय नाव ठेवता? तर म्हणाला, 'याच्यासाठी पुढे काय करायला मला वेळ मिळेल, सांगता येत नाही. ही एक गोष्ट करून झालीय. तीच त्याला देतो.'"

"म्हणजे," नोबोरुने विचारलं, "मी चढावं म्हणून नाही?"

"तू कशाला? ते काम तुझ्या बापाने तू यायच्या आधीच उरकून ठेवलं होतं." तोमोएसाननी पदराने डोळे पुसावे तसे एप्रनने पुसले. "तुझी आई कधी बोलली नसेल. ती म्हणायची, त्या चढणीने त्याची वर्षं खाल्ली. मला वाटलं, तरी कधीतरी सांगितलं असेल. तू वर आला असतास तर मीच सांगितलं असतं. पण तू मीटर बघायला सुद्धा दुसऱ्याला धाडायचास."

एकसष्ट वर्षांचा नोबोरु त्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मांजर थोडं लांब जाऊन बसलं. तोमोएसाननी कोंबांचं पुडकं उघडलं, हसू दाबलं आणि बदल्यात पाच मुळे दिले.

रडून डोळे पुसेपर्यंत धुकं विरलं होतं. खाली आख्खं गाव उघडं पडलेलं: कौलं, धक्का, निळा समुद्र, आणि तिथवर उतरणाऱ्या दोनशे तेरा पायऱ्या, सगळ्या दिसणाऱ्या. निघायला उठलेल्या नोबोरुने घराचा खांब घट्ट धरला. तरी त्याने आधी पोटभर पाहून घेतलं. मग तो खाली बसला आणि पोटाशी मुळे धरून, चांगल्या पँटीवर, एकेक पायरी बसून बसून उतरू लागला. दर काही पायऱ्यांनी थांबायचं, विसावा घ्यायचा. दारादारांतून लोक बघत होते. "सापडलं का?" कुणीतरी विचारलं. "सापडलं," नोबोरु बसल्या जागेवरून म्हणाला आणि पुढच्या पायरीवर उतरला.

पायथ्याशी पोचला तेव्हा साडेतीन वाजले होते. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी येणारी माणसं जगात सगळीकडे असतात. विहीणबाई, व्याही आणि हातात ताई माशाची टोपली घेतलेला कोहेइ समोर उभे होते. विहीणबाई वाकून नमस्कार करू लागल्या. नोबोरुही करू लागला, पण तो बसलेला होता, तेव्हा त्याचं कपाळ मुळ्यांवर टेकलं. असे तीन नमस्कार झाले.

घरी गेल्यावर त्याने मिसातोला सगळं सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही. विहीणबाई ऐकत होत्या. मिसातोने मांडीवरच्या बाळाचं दुपटं नीट केलं.

"काय लिहील तो गृहपाठात?" नोबोरुने भीत भीत विचारलं.

"'माझे पणजोबा एकदा चढले,'" मिसातो म्हणाली. "एवढंच. पुरे आहे, बाबा."

विहीणबाईंनी पर्समधून त्यांनी काढलेल्या नावाचा कागद बाहेर काढला, त्याची बारीक घडी केली आणि परत आत ठेवला. "मासा थंड होतोय," त्या म्हणाल्या, "लिहा."

नोबोरुने कुंचला शाईत बुडवला. त्याने शोमा हे नाव लिहिलं, आणि त्यातलं आपलं अक्षर जरा वाकडं झालं. कुराहाशीसान तेवढ्यात बांबूचा एक कोंब घेऊन आले होते. त्यांनी रेघा मोजल्या आणि काही बोलायला तोंड उघडलं. फुमिएने त्यांच्या हातात लाल भाताची वाटी दिली. कागद भिंतीवर लागला आणि बाळ त्याच्याखाली झोपून राहिलं.

दुसऱ्या दिवशी नोबोरुने जुनं टिपण काढलं. 'कारण: अज्ञात' यावर रेघ ओढून लिहिलं, 'कारण: वडील चढले होते.' तिसरा मुद्दा त्याने खोडला. मग तो कागद पाटीच्या चिमट्यात अडकवला, शिक्का मारला आणि पूर्ण जागेपणी जाऊन शेजारच्या दाराला टांगला.

आठवड्याने पाटी परत आली. अठरा शिक्के होते. अठराव्याखाली वळणदार अक्षर: 'वाचलं. बाळ चालायला लागलं की वर घेऊन या.'

नोबोरु पडवीत बसला होता. समोर बोट धुक्यातून चालली होती आणि मांडीवर शोमा पेंगत होता. त्याला न उठवता नोबोरुने पेन्सिल घेतली, त्या ओळीखाली 'येतो' एवढंच लिहिलं आणि शिक्का मारला.